हद्द आपली, माणूस परागंदा

काकांनी पोलिसात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा ‘मिसिंग’च्या टेबलावर. निवृत्त होऊन आता तप उलटलं, तरी पेपर हातात घेतला की आधी हरवलेल्यांच्या जाहिराती वाचतात आणि मग क्रिकेट. ‘रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, नाक सरळ’ हे त्यांना परवच्यासारखं पाठ आहे. गेल्या दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, की मराठी मुलखातली एक जुनी मिसिंग अजून उघडीच आहे आणि ती आता ते हातात घेणार. काकू म्हणाली, “घ्या की. आधी घरातला चष्मा शोधा.”

ती केस म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरचे नानासाहेब पेशवे. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. सत्तावन्नच्या बंडात कानपूर त्यांच्या नावावर, आणि १८५९ नंतर माणूस बेपत्ता.

श्रावणात मला चार दिवस सलग सुट्टी मिळाली आणि काका पनवेलहून नौपाड्यात माझ्याकडे मुक्कामाला आले. त्या चार दिवसांचं हे टिपण. ठाण्यातल्या ठाण्यात आणि फार तर बेलापूरपर्यंत, एवढीच आमची मजल. धबधब्यांच्या आशेने वाचायला घेतलं असेल तर इथेच थांबलेलं बरं.

गुरुवार

काका साडेनऊला दारात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात निळ्या पुठ्ठ्याची डायरी. चप्पल काढायच्या आत सुरू.

“वेणगाव कुठे आलं?”

“कर्जतजवळ. रायगड जिल्हा.”

“आजचा जिल्हा नको सांगूस. १८८२ चं गॅझेटिअर काढ. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात. नानासाहेब वेणगावच्या भटांच्या घरातले, जन्म १८२४ चा. मग हद्द कुणाची?”

“ठाण्याची,” मी म्हटलं. दुसरं उत्तर चालणार नव्हतंच.

पावसाने जरा उसंत घेतल्यावर स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ सालची संस्था, वि. ल. भाव्यांनी उभी केलेली. ठाण्यात वाढलेल्या माणसाने इथे निदान एकदा तरी परीक्षेच्या नावाखाली डुलकी काढलेली असते. टेबलावरच्या बाईंना मी म्हटलं, नानासाहेब पेशव्यांवरचं काय काय आहे ते बघायचंय. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कुठले? पानिपतवाले की कानपूरवाले?”

“हरवलेले,” काका म्हणाले.

दुपारभर बसलो. काकांची पद्धत अशी, की इतिहास वाचायचा नाही, खबर लिहायची. डायरीचं पान उलटून त्यांनी पोलीस ठाण्यातल्या फॉर्मचे रकाने आखले. वय: १८५७ साली ३३. बांधा: स्थूल. रंगापाशी गाडी अडली, कारण एक इंग्रज गोरा म्हणतो आणि दुसरा पिवळट. ‘घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेला’ या ठरीव वाक्याशी आल्यावर काका स्वतःशीच हसले. “इथे उलटं आहे बघ. सगळ्यांना सांगून गेला.”

कानपूर हातचं गेल्यावर जुलै १८५७ मध्ये नानासाहेब बिठूरहून रात्री नावेत बसले. गंगेत जलसमाधी घेतो, नावेतला दिवा विझला की समजा, असं काठावरच्या लोकांना सांगितलं म्हणतात. दिवा विझला, काठावर रडारड झाली आणि नाव गुपचूप पलीकडे अवधच्या बाजूला लागली. ही गोष्ट मी लहानपणीही ऐकली होती, पण तेव्हा ती चतुराईची वाटायची. काकांच्या शेजारी बसून ऐकताना वेगळीच वाटली. ज्या माणसाने एकदा खोटं मरून दाखवलं, त्याच्या खऱ्या मरणावर पुढे कोण विश्वास ठेवणार?

आणि झालंही तसंच. इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांच्यावर एक लाखाचं बक्षीस लावलं. १८५९ च्या सुरुवातीला नानासाहेब, भाऊ बाळासाहेब, बायकामुलं आणि उरलेली फौज नेपाळच्या तराईत शिरली. त्या एप्रिलमध्ये त्यांनी इंग्रज अधिकाऱ्याला पाठवलेलं पत्र आहे. शरणागतीचा सूर त्यात नाही, सगळे तुम्हाला मिळाले, मी एकटा उरलो, मरायची तयारी आहे, अशा अर्थाचं. काकांनी त्या तारखेखाली दोन रेघा मारल्या. “शेवटचा कागद. ह्याच्या पुढचं सगळं ऐकीव.”

ऐकीवातलं पहिलं: १८५९ च्या पावसाळ्याअखेर नानासाहेब तराईत तापाने वारले. तराईचा ताप म्हणजे मलेरिया. त्या दलदलीत उपाशी पळणारी माणसं पटापट मेली, बाळासाहेबही गेले, तेव्हा न पटण्यासारखं त्यात काही नाही. मी म्हटलं, “मग झालं की. केस संपली.”

“खबर कोणी दिली?”

“नेपाळ दरबाराकडून आली.”

“म्हणजे तिथला पंतप्रधान जंगबहादुर राणा. इंग्रज त्याच्या उरावर बसलेले, की माणूस काढून दे. काढून दिला तर आसरा मोडल्याचं पाप, नाही दिला तर इंग्रज नाराज. मेला म्हणून कळवलं की दोन्ही सुटलं. मी खोटं म्हणत नाही. पण खबर देणाऱ्याला खबरीतून काय मिळतं, ते आधी लिहायचं.” जरा थांबून म्हणाले, “शिवाय पेशव्यांचा नौलखा हार त्याच्याकडेच गेला.” तो हार पुढे नेपाळहून दरभंग्याच्या महाराजांकडे पोचला. हाराचा माग नीट लागतो. गळ्याचा लागत नाही.

परतताना मी सहज म्हटलं, की मिसिंग काय, नानासाहेब तर फरारी आरोपी. काका भर रस्त्यात थांबले. “फरारी सरकारसाठी. सरकार शोधतं तो फरारी, घरचे शोधतात तो मिसिंग. माणूस तोच असू शकतो.” मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. “आणि आपली आजी काय म्हणायची? परागंदा. त्यात कुणीच कुणाला शोधत नाही. गेला तो गेला.”

डायरीतली नोंद: ‘१७.४० वा. ग्रंथालयातून रवाना. वाटेत वडा.’

शुक्रवार

आज तुरुंग. म्हणजे तुरुंगाची बाहेरची भिंत. आत जायला परवानगी लागते, आणि काका म्हणाले, नोकरीत आत खूपदा गेलोय, आता हौसेने जायची इच्छा नाही.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजेच ठाण्याचा किल्ला, हे निम्म्या ठाण्याला ठाऊक नसतं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. राघोजी भांगऱ्यांना इथे फाशी झाली, १९१० च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांनाही. कोर्टनाक्याकडून खाडीच्या अंगाने चालत गेलं की भिंतीचा काळा दगड लागतो. पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि फटीफटींतून पिंपळ डोकावतात.

आम्ही आलो होतो ते त्र्यंबकजी डेंगळ्यांसाठी. नानासाहेबांच्या केसमध्ये डेंगळे कुठून आले, असं मीही विचारलं होतं. काकांचं म्हणणं, मिसिंगचा माग नेहमी माणूस जन्मायच्या आधीपासून काढावा.

तर हे डेंगळे दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला, त्याचा ठपका यांच्यावर आला आणि इंग्रजांनी त्यांना या किल्ल्यात आणून ठेवलं. पहाऱ्यावर सगळे गोरे सोल्जर. देशी शिपाई फितूर होतील म्हणून मुद्दाम. आणि तिथेच घोटाळा झाला. एका अधिकाऱ्याच्या घोड्यांचा मोतद्दार रोज घोडा फिरवताना खिडकीखालून मराठीत गाणी म्हणत जायचा. गोऱ्यांना वाटलं, गाणारा माणूस आहे. गाण्यात निरोप होता. रानात घोडी उभी आहेत पंचावन्न, माणसं आहेत चौपन्न. बाकीचा हिशेब ऐकणाऱ्याने करायचा. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी संध्याकाळी भिंतीला भोक पाडून डेंगळे पसार झाले आणि पंचावन्नाव्या घोड्याला स्वार मिळाला. बिशप हीबर काही वर्षांनी हिंदुस्थानात फिरला, त्याने ते गाणं टिपून ठेवलं. जवळचं सेंट जेम्स चर्च त्याच हीबरच्या हस्ते १८२५ मध्ये सुरू झालेलं.

मी भिंतीकडे पाहत हे सगळं मनात रंगवत होते. काका वेगळ्याच कामात. एका ठिकाणी थांबून त्यांनी भिंतीच्या पायथ्याचा चिरा छत्रीच्या टोकाने ठोकून पाहिला. दोन दगडांमधला चुना बोटाने खरवडला, तो ओल्या पिठासारखा हाताला लागला. “पाऊस असला की असल्या भिंतीत काम सोपं,” ते म्हणाले, “आवाजही येत नाही.” तेवढ्यात पहाऱ्यावरच्या शिपायाने आमच्याकडे रोखून पाहिलं. तुरुंगाची भिंत खरवडणारा सत्तरीचा माणूस आणि त्याचा फोटो काढणारी बाई. मी फोन खिशात घातला आणि आम्ही रस्ता ओलांडून टपरीवर गेलो.

टपरीवर एक गोष्ट घडली, ती नीट सांगायला हवी. कटिंग हातात येतो न येतो तोच पन्नाशीचा एक गृहस्थ, निथळता रेनकोट अंगावर, काकांच्या समोर उभा राहिला.

“मोरे साहेब ना?”

“नाही हो. मी मोरे नाही.”

“साहेब, थट्टा करता होय! तासभर बसलो होतो तुमच्यासमोर. तुम्ही मला पाणी दिलं होतं.”

“दिलं असेल. पण मी मोरे नाही.” काकांनी आपलं आडनाव सांगितलं, ते त्या माणसाला पटलं नाही. साहेबांना आता ओळख द्यायची नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं. आमच्या दोन्ही चहांचे पैसे देऊन, हात जोडून तो गेला.

काका खूश. “बघितलंस? हा उद्या कोर्टात शपथेवर सांगेल. आता तुला ग्वाल्हेरची केस कळेल.”

ग्वाल्हेरची केस अशी. १८७४ च्या ऑक्टोबरात जयाजीराव शिंद्यांनी एका माणसाला धरून इंग्रजांच्या हवाली केलं, हाच नाना म्हणून. तो आधी हो म्हणाला, मग फिरला. ओळख पटवायला जुनी माणसं बोलावली. कानपूरच्या कत्तलीतून वाचलेला मॉब्रे थॉमसन, कानपुरात नानांना तपासलेला डॉक्टर. मधे सतरा वर्षं गेलेली. दाढी वाढलेली, अंग उतरलेलं. डॉक्टर म्हणाला, हा तो नव्हे. अखेर सोडून दिला. त्याआधी १८६३ मध्ये अजमेरलाही एकाला असाच पकडला होता. त्या काळात उंचापुरा, जरा बरं मराठी बोलणारा बैरागी असणं हे तब्येतीला चांगलं नव्हतं.

“आणि गंमत ऐक,” काका म्हणाले. “पुराव्याचा कायदा १८७२ चा. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं धरून चालायचं, हे कलम १०८ त्यातलंच. कायदा करून जेमतेम अडीच वर्षं झाली तोच ह्यांनी पंधरा वर्षं बेपत्ता माणूस जिवंत पकडला.”

त्या खुशीतच काकांनी मामलेदारची मिसळ खाल्ली, तिखट, आणि रात्रभर जेलुसिल मागत बसले.

शनिवार

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती. माझं ऑफिस याच वाटेवर आहे, त्यामुळे मी खिडकीकडे पाठ करून बसले.

गाडीत काकांनी ‘जिवंत’वाल्या खबरा काढल्या. गुजरातेत भावनगरजवळ सिहोर म्हणून गाव आहे. तिथल्या एका घराकडे १८५६ ची मराठी पत्रं आहेत, ‘बाळू नाना’ अशा सहीची, आणि एक जुनी गुजराती रोजनिशी. तिच्यातल्या नोंदींप्रमाणे नानासाहेब बंडानंतर तिथे आले, दयानंद योगींद्र नावाने साधू होऊन राहिले आणि १९०३ मध्ये वारले. हे कागद १९७० नंतर पुढे आले, सरकारने काही ते मानले नाहीत. दुसरी खबर नैमिषारण्याची. गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात येते, की नानासाहेब तिथे महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि १९०६ मध्ये गेले. तिसरी काठेवाडातल्या तारेची. १८९५ च्या सुमारास एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याने म्हाताऱ्या साधूला धरलं, कलकत्त्याला तार केली, नानासाहेब सापडला, पुढे काय करू. उत्तर आलं, ताबडतोब सोडून द्या. ही तारेची गोष्ट मला सगळ्यात आवडते आणि म्हणूनच तिच्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे.

“१९०३ ला वय ७९, १९०६ ला ८२,” काका बोटं मोजत म्हणाले. “वयाने काही अडत नाही. पण एक माणूस दोन ठिकाणी मरत नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“माझ्या टेबलावर बक्षीस लागलं की फोन सुरू व्हायचे. नाशिकला पाहिला, सुरतला पाहिला, भंडाऱ्यात जेवताना पाहिला. जिवंत पाहिला म्हणणारे शंभर. मेलेला पाहिला म्हणणारा एखादा, आणि घरचे नेमकं त्याचंच ऐकत नाहीत.” नेरुळ गेलं तरी ते गप्प होते. मग म्हणाले, “सिहोरवाले, नैमिषारण्यवाले हे सगळे घरचेच धर. आपल्याकडे राहिला होता म्हणतात, म्हणजे आपल्याकडे जेवला, निजला, म्हातारा झाला. तराईत गवतावर पडून गेला हे कुणाला बघवतंय?”

माझं मत विचाराल तर ताप. सप्टेंबर, तराई, थकलेला स्थूल माणूस. पण काकांना मी तसं बोलले नाही.

बेलापूर किल्ल्याची आता नाममात्र निशाणी उरली आहे. रिक्षाने किल्ले गावठाणात उतरलो. एक बुरूज, त्यावर वडाची मुळं, आणि खाली खाडीचा चिखल पार पाम बीच रस्त्याच्या दिव्यांपर्यंत. इथे येण्याचं कारण तारीख. डेंगळे पळाल्यावर पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावांना पेचात धरलं, तुम्हीच लपवलाय, हजर करा. तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड मागितले. १३ जून १८१७ ला पुण्याचा तह झाला आणि दहाच दिवसांनी, २३ जूनला, कॅप्टन चार्ल्स ग्रे याने हा किल्ला घेतला. पुढे पाडापाडीही झाली. वर्षभरात पेशवाई बुडाली. डेंगळे १८१८ मध्ये सापडले आणि चुनारच्या किल्ल्यात गेले. बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले, तिथे १८२७ मध्ये वेणगावच्या मुलाला मांडीवर घेतलं, १८५१ मध्ये वारले, तनखा बंद झाला.

“म्हणजे ठाण्याच्या भिंतीला भोक पडलं नसतं,” मी सुरू केलं.

“तर वेणगावात एक भटजी भिक्षुकी करत म्हातारा झाला असता,” काका म्हणाले. “असला जर-तर डायरीत लिहीत नाहीत.” पण त्यांनी लिहिला. मी वाकून पाहिलं.

पाऊस इतका आला की बुरुजाच्या आडोशाला पाऊण तास काढला. दोन कुत्री आणि आम्ही.

रविवार

आज वेणगाव ठरलेलं. डबा बांधला, काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. ठाणे स्टेशनवर मेगाब्लॉक, त्यात रात्रीच्या पावसाने पुढे कुठेतरी रुळांवर पाणी. इंडिकेटरवर कर्जत काही येईना. एक आली, ती बदलापूरपर्यंतच. तासभर उभं राहून आम्ही जिना चढलो.

तलावपाळीला आलो. मासुंद्यात होड्या बांधून ठेवलेल्या, कौपिनेश्वरासमोर श्रावणातली गर्दी. कठड्यावर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. काका एरवी पोळीबरोबर बोलतात, आज गप्प होते. मला वाटलं, वेणगाव चुकलं म्हणून.

“मोरे जमादार होते,” ते एकदम म्हणाले.

“कोण?”

“टेबलावर. मी नवा होतो, मोरे माझे वरिष्ठ. खबर मी लिहायचो, सही त्यांची. त्या माणसाने कागदावरचं नाव वाचलं असणार, तेच धरून बसला.” काकांनी अर्धी पोळी डब्यात परत ठेवली. “त्याचे वडील. स्वेटर घालून गेले होते, मे महिन्यात. राखाडी, कोपराला उसवलेला. अंगातल्या कपड्यांच्या रकान्यात मी दोनदा विचारून लिहिलं होतं.”

“मग सापडले का?”

काका तळ्याकडे बघत राहिले. “तेच आठवत नाहीये.”

उठलो. न बोलताच पाय कोर्टनाक्याकडे वळले. रविवार असल्यामुळे टपरी बंद होती, बाकडं उलटं घालून साखळीने बांधलेलं. काका छत्री धरून पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. मग घड्याळ पाहिलं, निळी डायरी काढली आणि पान ओलं होऊ नये म्हणून माझ्याकडे पाठ करून लिहिलं: ‘१३.१० वा. टपरी बंद. उद्या पुन्हा.’